सिंगल-बोर्ड कॉम्प्युटरसाठी लिनक्स कर्नल आणि बूट इमेज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कंपाइल करणं हा बोर्ड उठवायच्या कामातला सोपा भाग. एरर आली तर ती स्क्रीनवर दिसते, शोधली की उत्तर सापडतं. खरा घोळ होतो तो एका टप्प्याने दुसऱ्याच्या हाती सूत्रं देताना, आणि तिथे बोर्ड बहुतेक वेळा काहीच न बोलता गप्प बसतो. म्हणून खालची बरीचशी उत्तरं या सांध्यांबद्दल आहेत. कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

वीज दिल्यापासून लॉगिन येईपर्यंत नेमकं काय घडतं?

चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम असतो, बूट रॉम. तो बदलता येत नाही. वीज मिळाली की तो एसडी कार्ड, ईएमएमसी, एसपीआय फ्लॅश, यूएसबी अशा जागा त्याच्या ठरलेल्या क्रमाने तपासत जातो आणि पुढचा टप्पा शोधतो. या क्षणी मुख्य रॅम सुरूच झालेली नसते. चिपच्या पोटातली थोडी एसरॅम तेवढी हाताशी असते, आणि ती किलोबाइटमध्ये मोजावी लागते. त्यामुळे पुढचा टप्पा मुद्दाम लहान ठेवलेला असतो: यू-बूट या बूटलोडरचा, म्हणजे कर्नल रॅममध्ये आणून सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा, एसपीएल हा छोटा भाग. त्याचं मुख्य काम डीडीआर रॅम चालू करणं.

रॅम मिळाली की ६४-बिट आर्म बोर्डवर ट्रस्टेड फर्मवेअरचा बीएल३१ हा (कर्नलपेक्षा वरच्या अधिकाराने चालणारा) भाग आणि पूर्ण यू-बूट तिथे येतात. रिस्क-फाइव्ह बोर्डवर बीएल३१च्या जागी ओपनएसबीआय असतं. मग यू-बूट कर्नल, डिव्हाइस ट्री (बोर्डच्या हार्डवेअरचं वर्णन) आणि लागत असेल तर इनिटरॅमएफएस (रॅममध्येच उलगडणारी छोटी, तात्पुरती फाइलसिस्टिम) या गोष्टी रॅममध्ये वेगवेगळ्या पत्त्यांवर ठेवतो आणि कर्नलमध्ये उडी मारतो. कर्नल रूट फाइलसिस्टिम (जिच्यावर बाकीची सगळी सिस्टिम असते ती) माउंट करतं आणि इनिट हा पहिला प्रोग्रॅम सुरू करतं.

यातल्या प्रत्येक टप्प्याला फक्त पुढचा टप्पा कुठे ठेवलाय एवढंच माहीत असतं. ती जागा चुकली की साखळी तुटते, आणि मागच्या टप्प्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

सगळ्यात आधी काय घ्यावं?

यूएसबी-सिरियल केबल. एचडीएमआय स्क्रीनवर भरवसा ठेवू नका. स्क्रीन चालू होईपर्यंत साखळीतले बहुतेक टप्पे उरकलेले असतात, आणि तुमची अडचण त्याच टप्प्यांत असते. केबल ३.३ व्होल्टची हवी. ५ व्होल्टच्या सिग्नलने चिपची पिन कायमची जाऊ शकते. बोर्डचा टीएक्स (पाठवणारी पिन) केबलच्या आरएक्सला (घेणाऱ्या पिनला), आरएक्स टीएक्सला आणि ग्राउंड ग्राउंडला जोडायचा. केबलची चौथी, विजेची तार मोकळीच सोडायची.

वेग बहुतेक बोर्डवर ११५२०० असतो. रॉकचिपच्या बऱ्याच बोर्डवर मात्र तो १५००००० असतो. टर्मिनलवर नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसत असतील तर आधी हाच आकडा तपासा. केबलमधली चिप तेवढा वेग झेपणारी आहे का हेही बघा: सीपी२१०२ दहा लाखांपर्यंतच जाते, एफटी२३२ तीस लाखांपर्यंत.

मेनलाइन कर्नल घ्यावं की चिप बनवणाऱ्याचं?

मेनलाइन म्हणजे लिनक्सचं मूळ, सर्वांसाठीचं कर्नल. तुमचा बोर्ड मेनलाइनमध्ये असेल तर मेनलाइनच, आणि त्यातही दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती: ६.१, ६.६, ६.१२ या तशा आहेत. बोर्ड मेनलाइनमध्ये आहे का हे ओळखायचं कसं? सोर्समध्ये आर्च, मग आर्म६४, मग बूट, मग डीटीएस या डिरेक्टरीत जा आणि चिप बनवणाऱ्या कंपनीच्या नावाखाली तुमच्या बोर्डची डीटीएस फाइल शोधा. फाइल सापडली तर निदान बूट होण्याइतपत आधार आहे असं समजा.

कंपनीचं स्वतःचं कर्नल घ्यायची वेळ येते ती व्हिडिओ डीकोडर, कॅमेरा किंवा एनपीयूसाठी (चिपमधल्या एआयच्या भागासाठी). ते जुन्या आवृत्तीवर बेतलेलं असतं, त्यावर हजारो पॅच चढवलेले असतात आणि सुरक्षा दुरुस्त्या उशिरा येतात. ते तत्काळ चालतं हे खरं. पण कंपनीने त्या चिपकडे पाठ फिरवली की पुढचा सगळा भार तुमच्यावर. मला विचाराल तर आधी मेनलाइनवर बोर्ड उठवा, काय काय चालत नाही त्याची यादी करा आणि त्या यादीतलं तुम्हाला खरोखर काय लागतं ते ठरवा.

बोर्डवरच कंपाइल केलं तर?

होतं, पण बोर्डच्या ताकदीनुसार काही तास जाऊ शकतात आणि एसडी कार्ड झिजतं ते वेगळंच. नेहमीच्या कॉम्प्युटरवर क्रॉस-कंपाइल करा, म्हणजे तिथे बसून बोर्डच्या चिपसाठी कंपाइल करा. त्यासाठी आर्च हे चल आर्म६४ असं ठेवायचं आणि क्रॉस_कंपाइल या चलात टूलचेनचा (कंपाइलर आणि सोबतच्या साधनांचा) उपसर्ग द्यायचा, म्हणजे एआर्च६४-लिनक्स-जीएनयू आणि शेवटी एक आडवी रेघ (हायफन). ती शेवटची रेघ राहून जाते आणि मग जीसीसी सापडत नाही अशी तक्रार येते. ३२-बिट आर्मसाठी आर्च नुसतं आर्म, आणि उपसर्गाच्या शेवटी जीएनयूईएबीआयएचएफ. क्लँग वापरायचं असेल तर एलएलव्हीएम बरोबर १ एवढं मेकला सांगितलं की काम भागतं.

ही चलं प्रत्येक मेक कमांडला द्यावी लागतात. एखाद्या वेळी विसरलात तर मेक तुमच्या कॉम्प्युटरच्या, म्हणजे एक्स८६च्या हिशेबाने कॉन्फिग (कर्नलमध्ये काय काय घ्यायचं ते सांगणारी फाइल) बदलून टाकतं, तेही बिनबोभाट. दोन्ही चलं एकदाच एक्स्पोर्ट करून ठेवलेली बरी.

टूलचेनशिवाय बायसन, फ्लेक्स, बीसी आणि ओपनएसएसएल व लिबएल्फच्या डेव्हलपमेंट फाइली लागतात. डिस्कवर पंधरा-वीस जीबी मोकळी ठेवा. सगळा इतिहास नको असेल तर गिट क्लोन करताना डेप्थ १ द्या, डाउनलोड बरंच हलकं होतं.

विंडोज किंवा मॅकवर सोर्स उघडला तर काही फाइली आपोआप बदललेल्या दिसतात. असं का?

कर्नलच्या सोर्समध्ये फक्त लहान-मोठ्या अक्षरांचा फरक असलेल्या फाइलींच्या जोड्या आहेत, विशेषतः नेटफिल्टरमध्ये. हा फरक न मानणाऱ्या फाइलसिस्टिमवर जोडीतली एक फाइल दुसरीवर लिहिली जाते. डब्ल्यूएसएल (विंडोजमधलं लिनक्स) वापरत असाल तर सोर्स सी ड्राइव्हवर न ठेवता लिनक्सच्या आतल्या होम डिरेक्टरीत ठेवा. मॅकवर लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन घेतलेलं सोपं.

कॉन्फिग कुठून आणायचं? हजारो पर्याय बघून डोकं फिरतं.

कोऱ्या पाटीपासून कुणीच सुरुवात करत नाही. ६४-बिट आर्मवर मेक डेफकॉन्फिग एवढंच पुरतं: मेनलाइनमधल्या जवळजवळ सगळ्या बोर्डना उठवू शकेल असं एकच, जाडजूड कॉन्फिग मिळतं. ३२-बिटवर चिपच्या कुटुंबानुसार वेगवेगळी असतात, उदाहरणार्थ सनक्सी, ओमॅप२प्लस, आणि सगळ्यांना सामावणारं मल्टी_व्ही७.

बोर्डवर आधीच एखादी चालू सिस्टिम असेल तर प्रॉक डिरेक्टरीतली कॉन्फिग डॉट जीझेड बघा. बऱ्याचदा असते. ती उलगडून डॉट कॉन्फिग म्हणून ठेवा आणि मेक ओल्डडेफकॉन्फिग चालवा. नव्या आवृत्तीत आलेले पर्याय मूळ किमतींनी भरले जातात.

कर्नल बारीक करायचं असेल तर आधी जाडं कर्नल बूट होऊ द्या. मग बोर्डवर एलएसमॉडचं आउटपुट, म्हणजे लोड असलेल्या मॉड्यूलची (कर्नलच्या सुट्या भागांची) यादी, एका फाइलीत घ्या, ती कॉम्प्युटरवर आणून लोकलमॉडकॉन्फिगला द्या. त्या वेळी लोड नसलेली सगळी मॉड्यूल गळून पडतात. म्हणून पुढे वापरायचं आहे ते प्रत्येक यूएसबी उपकरण आधी लावून घ्या, नाहीतर त्याचा ड्रायव्हरही जाईल. शेवटी सेव्हडेफकॉन्फिग करून येणारी छोटी फाइलच गिटमध्ये जपा. पूर्ण डॉट कॉन्फिग हजारो ओळींची असते आणि दोन आवृत्त्यांत काय बदललं ते तिच्यावरून कळत नाही.

एखादा ड्रायव्हर वाय ठेवायचा की एम?

इनिटरॅमएफएस वापरत नसाल तर रूट फाइलसिस्टिमपर्यंत पोचायला जे जे लागतं ते सगळं वाय, म्हणजे कर्नलच्या आत. मॉड्यूल रूट फाइलसिस्टिमवरच ठेवलेली असतात, त्यामुळे ती उघडायला लागणारा ड्रायव्हर तिच्यावर ठेवून चालत नाही. एमएमसी कंट्रोलर आणि एक्स्ट४ आठवतात. सुटून जातो तो विजेचं नियमन करणाऱ्या पीएमआयसीचा ड्रायव्हर, आणि तो ज्या आयस्क्वेअरसी बसवर आहे त्याचा. कार्डाला वीज देणारा रेग्युलेटरच मिळाला नाही तर एमएमसीचा ड्रायव्हर वाट बघत बसतो. बाकी सगळं एम, म्हणजे सुटं मॉड्यूल, ठेवायला हरकत नाही.

इमेज, झेडइमेज, यूइमेज, फिट: यातलं कुठलं?

६४-बिट आर्मवर कर्नलची फाइल नुसती इमेज या नावाची असते, दाबलेली नसते, आणि यू-बूटमध्ये ती बूटआय कमांडने चालते. ३२-बिटवर झेडइमेज: ती स्वतःला स्वतःच उलगडते, कमांड बूटझेड. यूइमेज म्हणजे त्याच फाइलीवर यू-बूटचं ६४ बाइटचं जुनं हेडर. आज एखादा पुराणा बूटलोडर सांभाळायचा असेल तरच त्याच्या वाटेला जा. फिटमध्ये कर्नल, डिव्हाइस ट्री आणि इनिटरॅमएफएस एकाच फाइलीत येतात आणि त्यावर सहीसुद्धा करता येते. सुरक्षित बूट हवं असेल तर फिट घ्या, शिकत असाल तर सुट्या फाइली.

डिव्हाइस ट्री म्हणजे काय, आणि ते नसलं तर?

पीसीवर कर्नल फर्मवेअरला विचारून आणि पीसीआय बस चाळून हार्डवेअर शोधतं. आर्म चिपच्या आतली उपकरणं अशी शोधता येत नाहीत. अमुक पत्त्यावर यूएआरटी (सिरियल पोर्ट) आहे, तिचा इंटरप्ट तमुक, तिला घड्याळ (क्लॉक सिग्नल) या तिसऱ्याकडून मिळतं, हे कुणीतरी लिहून द्यावंच लागतं. पूर्वी हे प्रत्येक बोर्डसाठी सी भाषेतल्या फाइलींत लिहिलेलं असायचं. तो पसारा इतका वाढला की २०११ साली लिनस टोरवाल्ड्सनी त्यावर उघड नाराजी दाखवली. पॉवरपीसीवर रुळलेलं डिव्हाइस ट्री आर्ममध्ये सर्रास येण्याला त्यानंतर जोर आला.

तुम्ही लिहिता ती डीटीएस. चिपचा सगळ्या बोर्डना समान असलेला भाग डीटीएसआयमध्ये असतो. मेक डीटीबीएस केलं की डीटीबी तयार होते, आणि कर्नल तीच वाचतं. प्रत्येक नोडमध्ये कंपॅटिबल नावाची एक ओळ असते. ड्रायव्हरमधल्या यादीशी ती अक्षरशः जुळावी लागते. एक स्वल्पविराम चुकला तर ड्रायव्हर लोड होतच नाही आणि तक्रारही करत नाही. असाच फटका स्टेटस या ओळीने बसतो: चिपच्या डीटीएसआयमध्ये बरीच उपकरणं डिसेबल्ड ठेवलेली असतात, ती बोर्डच्या डीटीएसमध्ये ओके करावी लागतात.

डीटीबीच नसेल तर ६४-बिट आर्म कर्नल बहुतेक बोर्डवर एक अक्षरही न छापता थांबतं. फाइल खरंच डीटीबी आहे का याची खूण तिच्या पहिल्या चार बाइटमध्ये असते. हेक्समध्ये ते डी००डीएफईईडी असे दिसतात. ही संख्या निवडणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी.

जुने मार्गदर्शक वाचत असाल तर एक ध्यानात असू द्या. ३२-बिट आर्मच्या डीटीएस फाइली ६.५ या आवृत्तीपासून कंपनीनिहाय उपडिरेक्टरींत गेल्या आहेत. जुन्या स्क्रिप्टना त्या सापडत नाहीत त्या याच कारणाने.

ओव्हरले लागत नाहीत. का?

ओव्हरले म्हणजे मूळ डीटीबीवर वरून चढवायची छोटी भर. मूळ डीटीबीमध्ये लेबलांची यादी नसेल तर ओव्हरलेला कशाला चिकटायचं ते कळत नाही. डीटीएसची डीटीबी करणाऱ्या डीटीसीला ॲट चिन्हाचा पर्याय देऊन मूळ डीटीबी पुन्हा बनवा.

बूटलोडर कार्डावर कुठे लिहायचा?

हे पूर्णपणे बूट रॉमवर अवलंबून आहे, आणि सर्वांत जास्त वेळ इथेच जातो.

ऑलविनर चिप कार्डाच्या सुरुवातीपासून ८ किलोबाइटवर, म्हणजे १६व्या सेक्टरवर (एक सेक्टर ५१२ बाइटचा) बघते. रॉकचिप ६४व्या सेक्टरवर, म्हणजे ३२ किलोबाइटवर पहिला टप्पा शोधते आणि तो टप्पा सहसा १६३८४व्या सेक्टरवरून, म्हणजे ८ मेगाबाइटवरून यू-बूट उचलतो. आय डॉट एमएक्स६ चिपला १ किलोबाइटवर हवं असतं, आय डॉट एमएक्स८एम मिनीला ३३ किलोबाइटवर आणि ८एम प्लसला ३२ किलोबाइटवर. बीगलबोन ब्लॅकमधली टीआयची चिप फॅट पार्टिशन वाचू शकते. तिथे एमएलओ नावाची फाइल ठेवली की झालं.

आता पार्टिशन टेबलाचा प्रश्न. जीपीटी हे नव्या प्रकारचं टेबल कार्डाचे पहिले ३४ सेक्टर वापरतं. ऑलविनरचा १६वा सेक्टर बरोबर त्याच पट्ट्यात येतो. आधी बूटलोडर लिहून मग जीपीटी केलं तर टेबल बूटलोडरवर बसतं. उलट क्रमाने केलं तर बूटलोडर टेबलावर. ऑलविनरवर एमबीआर हे जुन्या प्रकारचं टेबल वापरा, किंवा चिप एच३ पिढीची वा नंतरची असेल तर १२८ किलोबाइटवरची पर्यायी जागा. रॉकचिपला ही अडचण येत नाही. तिथे पहिलं पार्टिशन १६ मेगाबाइटवर सुरू करा, म्हणजे यू-बूटला हातपाय पसरायला जागा राहते.

डीडी या नक्कल करणाऱ्या कमांडने लिहिताना सीक हा पर्याय ब्लॉकच्या आकारात मोजला जातो. बीएस ५१२ असेल तर सीक ६४ म्हणजे ६४वा सेक्टर. बीएस १ केबी ठेवून तोच ६४ दिलात तर बूटलोडर दुप्पट अंतरावर पडतो. आणि पार्टिशनवर नाही, अख्ख्या कार्डावर लिहायचं. त्याआधी एलएसबीएलकेने कार्डाचं नाव दोनदा बघून घ्या. डीडी काही विचारत नाही. तुमच्या कॉम्प्युटरची डिस्क दिलीत तर तीही पुसेल.

यू-बूट बनवताना बीएल३१ आणि टीपीएल मागतो. ते काय?

यू-बूट ६४-बिट आर्मवर एकटा पुरत नाही. आधी ट्रस्टेड फर्मवेअर कंपाइल करून त्याची बीएल३१ फाइल कुठे आहे ते यू-बूटला चलाने सांगायचं. नव्या रॉकचिपवर, उदाहरणार्थ आरके३५६८ आणि आरके३५८८ वर, रॅम सुरू करणारा भाग कंपनीने फक्त बंद बायनरी म्हणून दिला आहे. तोच टीपीएल म्हणून द्यावा लागतो. आरके३३९९चा मात्र यू-बूटमध्येच खुला उपलब्ध आहे. यू-बूटच्या आवृत्त्यांना वर्ष आणि महिन्याचं नाव असतं, जसं २०२४.१०, आणि दर तीन महिन्यांनी नवी येते.

रास्पबेरी पायवर यातलं काहीच दिसत नाही. मग तिथे कसं?

पायवर आर्म कोअरच्या आधी व्हिडिओकोअर हा ग्राफिक्स प्रोसेसर जागा होतो आणि त्याचं बंद फर्मवेअर सगळी जुळवाजुळव करतं. पाय ३पर्यंत हे फर्मवेअर कार्डाच्या पहिल्या फॅट पार्टिशनवरून येतं. पाय ४पासून पहिला टप्पा बोर्डवरच्या ईईपीरॉममध्ये गेला, आणि पाय ५वर तर स्टार्ट डॉट एल्फसुद्धा कार्डावर लागत नाही. डिव्हाइस ट्री निवडणं, ओव्हरले चढवणं, कर्नल रॅममध्ये ठेवणं हे सगळं फर्मवेअर करतं, त्यामुळे यू-बूट ऐच्छिक आहे.

पाय ३ आणि ४वर ६४-बिट कर्नल बनवायला बीसीएम२७११ डेफकॉन्फिग, पाय ५ला बीसीएम२७१२. तयार झालेली इमेज फाइल कर्नल८ डॉट आयएमजी या नावाने फॅट पार्टिशनवर ठेवायची. पाय ५ आधी कर्नल_२७१२ डॉट आयएमजी शोधतो आणि ती नसेल तरच कर्नल८कडे वळतो. तुम्ही कर्नल८ बदललं आणि यूनेम जुनीच आवृत्ती दाखवतंय, तर कारण बहुधा हेच. जुनी फाइल पुसण्यापेक्षा नवी वेगळ्या नावाने ठेवा आणि कॉन्फिग डॉट टीएक्सटीमध्ये कर्नल या ओळीत ते नाव द्या. बिघडलं तर कार्ड कॉम्प्युटरला लावून एक ओळ बदलली की परत पहिल्यासारखं.

पाय ५चं हे डेफकॉन्फिग मेमरीची पानं १६ किलोबाइटची ठेवतं. ४ किलोबाइट गृहीत धरून बनलेले काही प्रोग्रॅम त्यावर कोसळतात. तसं झालं तर पाय ५वरही २७११चं कर्नल चालवता येतं.

पूर्ण इमेज फाइल कशी तयार करायची?

ट्रंकेटने हव्या त्या आकाराची रिकामी फाइल बनवा. एसएफडिस्कने तिच्यात दोन पार्टिशनं करा: बूटसाठी लहानसं फॅट आणि बाकीचं एक्स्ट४. एलओसेटअपला पी हा पर्याय दिला की दोन्ही पार्टिशनं वेगवेगळी दिसू लागतात. त्यांवर फाइलसिस्टिम करून माउंट करा. रूटमध्ये डेबियन हवं असेल तर डीबूटस्ट्रॅप, आणि क्यूएमू-यूझर बसवलेलं असेल तर त्यात सीएचरूट करून आर्मचे प्रोग्रॅम तुमच्याच कॉम्प्युटरवर चालतात. मग मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल. हिला इन्स्टॉल_मॉड_पाथ मध्ये माउंट केलेल्या रूटचा पत्ता द्यायलाच हवा, नाहीतर आर्मची मॉड्यूल तुमच्या कॉम्प्युटरच्या लिब डिरेक्टरीत जाऊन बसतात. सोबत इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप १ द्या. डीबग माहिती काढून टाकल्याने आकार लक्षणीय उतरतो.

बूट पार्टिशनवर कर्नल, डीटीबी आणि एक्स्टलिनक्स डिरेक्टरीत एक्स्टलिनक्स डॉट कॉन्फ ही साधी मजकूर फाइल. कर्नल कुठे, डीटीबी कुठे, कमांडलाइन (कर्नलला सुरू होताना द्यायच्या सूचना) काय, एवढ्या तीन-चार ओळी. यू-बूटच्या स्क्रिप्टपेक्षा ही वाचायलाही सोपी आणि सुधारायलाही. शेवटी अनमाउंट करून बूटलोडर डीडीने लिहा, पण कॉन्व्ह मध्ये नोट्रंक द्या. ते विसरलात तर डीडी अख्खी इमेज फाइल बूटलोडरच्या शेवटाशी कापून टाकतं.

हे हाताने एकदाच करा, समजण्यापुरतं. पुढे जेनइमेज वापरा. तिला रूटचे अधिकारही लागत नाहीत. कार्डावर लिहायला बीमॅपटूल घेतलं तर रिकामे ब्लॉक वगळले जातात आणि वेळ वाचतो.

इनिटरॅमएफएस लागतोच का?

ड्रायव्हर आत असतील आणि रूट साध्या पार्टिशनवर असेल तर नाही. एन्क्रिप्शन, एलव्हीएम किंवा नेटवर्कवरची गुंतागुंतीची रूट असेल तर हो. आणखी एक बारकावा: कमांडलाइनमध्ये रूट बरोबर यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा ओळख क्रमांक) असं लिहिलेलं कर्नलला एकट्याला कळत नाही, ते इनिटरॅमएफएसमधले प्रोग्रॅम सोडवतात. पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) मात्र कर्नलला स्वतःला समजतं.

यू-बूट "स्टार्टिंग कर्नल" म्हणतो आणि पुढे काहीच नाही.

कर्नल मेलेलं असेलच असं नाही. बऱ्याचदा ते चालू असतं आणि दुसऱ्याच दारावर बोलत असतं. कन्सोलचं नाव चिपप्रमाणे बदलतं: ऑलविनरवर टीटीवायएस०, रॉकचिपवर अनेकदा टीटीवायएस२, आय डॉट एमएक्सवर टीटीवायएमएक्ससी०, पीएल०११ प्रकारची यूएआरटी असलेल्या बोर्डवर टीटीवायएएमए०. जुन्या ओमॅप ड्रायव्हरचं टीटीवायओ० आता टीटीवायएस० झालंय. नाव बरोबर असेल तर कमांडलाइनमध्ये अर्लीकॉन टाका. डिव्हाइस ट्रीमध्ये एसटीडीआउट-पाथ असेल तर पुढे काही न लिहिताही ते पोर्ट शोधून काढतं, आणि नेहमीचा कन्सोल सुरू होण्याआधीचे संदेश दिसू लागतात.

अर्लीकॉननेही चिटपाखरू फिरकलं नाही तर पत्ते तपासा. यू-बूटमध्ये कर्नल, डीटीबी आणि इनिटरॅमएफएस यांचे रॅममधले पत्ते प्रिंटएन्व्हने दिसतात. कर्नल चालू झाल्यावर त्याच्या फाइलीपेक्षा जास्त जागा व्यापतं, कारण बीएसएस हा भाग फाइलीत नसतो पण रॅममध्ये असतो. डीबगचे पर्याय लावून फुगलेलं कर्नल शेजारी ठेवलेल्या डीटीबीवर पसरतं. कालचं कर्नल चालत होतं आणि चार पर्याय वाढवल्यावर आजचं चालत नाही, यामागे हे कारण असू शकतं. डीटीबी आणि इनिटरॅमएफएस लांब नेऊन ठेवा.

संदेश येत येत "सीएलके: डिसेबलिंग अनयूझ्ड क्लॉक्स" या ओळीशी बोर्ड गोठला, तर कुणाला तरी हवं असलेलं घड्याळ कर्नलने बिनकामाचं समजून बंद केलंय. सीएलके_इग्नोर_अनयूझ्ड टाकून खात्री करा. मात्र तो इलाज नव्हे. डिव्हाइस ट्रीमध्ये ते घड्याळ योग्य उपकरणाला जोडणं हा इलाज.

"अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक" असं पॅनिक येतं, म्हणजे कर्नल हात टेकून थांबतं.

कंसातले दोन आकडे वाचा, त्यांतच निदान आहे. ०,० म्हणजे रूट म्हणून सांगितलेलं उपकरण कर्नलला दिसलंच नाही: ड्रायव्हर नाही, नाव चुकलं, किंवा कार्ड ओळखलं जायच्या आत कर्नलने घाई केली. शेवटच्यासाठी रूटवेट हा शब्द कमांडलाइनमध्ये असावाच. १७९,२ असे आकडे असतील तर एमएमसीचं दुसरं पार्टिशन सापडलंय, १७९ हा एमएमसीचा क्रमांक आहे; म्हणजे फाइलसिस्टिमचा आधार कर्नलमध्ये नाही किंवा ती फाइलसिस्टिमच खराब आहे.

पॅनिकच्या थोडं वर कर्नल त्याला दिसलेल्या पार्टिशनांची यादी छापतं. तुमचं कार्ड तिथे एमएमसीबीएलके१ म्हणून असेल आणि तुम्ही एमएमसीबीएलके० लिहिलं असेल तर कोडं सुटलं. ईएमएमसी आणि कार्ड दोन्ही असलेल्या बोर्डवर हे क्रमांक यू-बूटमध्ये आणि कर्नलमध्ये निराळे असू शकतात. पार्टयूयूआयडी वापरा आणि या वादातून मोकळे व्हा.

मॉड्यूल लोड होत नाहीत, "व्हर्जन मॅजिक" जुळत नाही म्हणतं.

मॉड्यूल आणि कर्नल एकाच बिल्डचे नाहीत. यूनेम आर जे नाव दाखवतं त्याच नावाची डिरेक्टरी लिब मॉड्यूल्समध्ये हवी. नावाच्या शेवटी अधिक चिन्ह आलेलं दिसलं तर ते गिटमुळे: सोर्स एखाद्या टॅगवर नेमका नसेल तर ते जोडलं जातं. लोकलव्हर्जन हे चल रिकामं देऊन मेक चालवलं की जातं. कर्नल बदललं की मॉड्यूल पुन्हा इन्स्टॉल करायचीच, बदल कितीही किरकोळ वाटला तरी.

वायफायचा ड्रायव्हर लोड होतो, पण "एरर -२".

-२ म्हणजे फाइल सापडली नाही. चिपला लागणारं फर्मवेअर लिब फर्मवेअरमध्ये नाही. कुठली फाइल हवी ते डीमेसेगच्या (कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या कमांडच्या) त्याच ओळीत लिहिलेलं असतं. लिनक्स-फर्मवेअर संग्रहातून ती आणा. फाइल जागेवर असूनही एरर येत असेल तर ड्रायव्हर वाय आहे का बघा: रूट माउंट होण्याआधीच तो फर्मवेअर मागत असतो. त्याला एम करा.

दर बदलाला कार्ड काढा, लिहा, घाला. याला काही उपाय?

नेटवर्कवरून बूट करा. कॉम्प्युटरवर टीएफटीपी (नेटवर्कवरून फाइली देणारा) सर्व्हर ठेवा, यू-बूटमध्ये डीएचसीपीने पत्ता घ्या, टीएफटीपीबूटने कर्नल आणि डीटीबी रॅममध्ये ओढा आणि बूटआय चालवा. बूटआयला तीन गोष्टी सांगायच्या असतात. इनिटरॅमएफएस नसेल तर मधल्या जागी नुसती एक आडवी रेघ. रूटही एनएफएसवर (नेटवर्कवरच्या फाइलसिस्टिमवर) ठेवलीत तर कार्डावर फक्त बूटलोडर उरतो, आणि कंपाइल करून रीसेट दाबण्याइतकंच काम राहतं. ज्यांना चार-दोनदाच कर्नल बदलायचंय त्यांनी या खटाटोपात पडू नये.

बिल्डरूट, योक्टो, आर्मबियन असताना हे हाताने का करायचं?

नका करू, नुसती चालू सिस्टिम हवी असेल तर. डेबियन किंवा उबुंटूसारखं वातावरण हवं आणि बोर्ड त्यांच्या यादीत आहे, तर आर्मबियनची बिल्ड स्क्रिप्ट. एकच काम करणारं छोटं उपकरण बनवायचं असेल तर बिल्डरूट: टूलचेनपासून इमेजपर्यंत सगळं एका मेकमध्ये होतं, पण आतलं पॅकेज बदललं की बऱ्याचदा सगळंच पुन्हा बांधावं लागतं. योक्टो मोठ्या चमूसाठी आणि वर्षानुवर्षं चालणाऱ्या उत्पादनांसाठी. शिकायला वेळ लागतो आणि डिस्कही भरपूर खातं. यांपैकी काहीही वापरलंत तरी बोर्ड गप्प बसला की वरचेच प्रश्न समोर येतात.

बोर्ड कायमचा बिघडेल का?

बूट रॉम पुसता येत नाही, त्यामुळे कार्डावरून प्रयोग करत असाल तर फारशी भीती नाही. जपायचं ते ईएमएमसी आणि एसपीआय फ्लॅशला. आरके३३९९सारखी चिप आधी एसपीआय, मग ईएमएमसी आणि शेवटी कार्ड बघते. एसपीआयमध्ये अर्धवट बिघडलेला बूटलोडर असेल तर कार्डापर्यंत पाळी येतच नाही. अशा वेळी बोर्डवरचं बटण दाबून किंवा सांगितलेल्या दोन पिना जोडून मास्करॉम अवस्थेत जायचं आणि यूएसबीवरून नवा बूटलोडर चढवायचा. ऑलविनर कार्ड आधी बघते, आणि कुठेच काही मिळालं नाही तर आपणहून फेल नावाच्या यूएसबी अवस्थेत जाते. एसपीआयला हात लावण्याआधी तुमच्या बोर्डवर ही वाट कुठून आहे ते शोधून, एकदा प्रत्यक्ष करून बघा.

माझी इमेज इतरांना द्यायची आहे. काय काळजी घेऊ?

ईटीसीमधली मशीन-आयडी फाइल रिकामी करा आणि एसएसएचच्या होस्ट किल्ल्या काढून टाका, म्हणजे पहिल्या बूटला प्रत्येक बोर्डवर नव्या तयार होतील. आधी त्या तयार होण्याची सोय तुमच्या इमेजमध्ये आहे ना ते तपासा. किल्ल्या काढल्या नाहीत तर तुमच्या खाजगी किल्ल्या इमेजसोबत सगळ्यांच्या हाती जातात. मूळचा पासवर्ड पहिल्या लॉगिनला बदलायला लावा. रूट पार्टिशन कार्डाएवढं वाढवायची स्क्रिप्ट ठेवा. कर्नल जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. इमेज ज्याला देता त्याला नेमका तोच सोर्स, तुमचे पॅच आणि डॉट कॉन्फिगसकट, मिळायला हवा. यू-बूटचंही तेच. बंद बायनरी आणि वायफायचं फर्मवेअर यांच्या अटी वेगवेगळ्या असतात, त्या फाइलींसोबतच्या परवान्यात वाचा आणि ते परवानेही इमेजमध्ये ठेवा.